अर्थ चौथ्या आठवड्यात

४ जून

प्रिय मामा,

पोचले. आईला सांग, पेटीचं हँडल तुटलं नाही. तिने वरून बांधलेल्या दोरीमुळे फाटकावरच्या चौकीदाराने मात्र मला आधी विचारलं, पार्सल कुणाचं आहे म्हणून.

इमारत तीन मजली आहे. खाली जेवणाची आणि शिवणाची खोली, मधे वर्ग, वर आम्ही अठरा जणी. खिडक्यांना दुधी काच आहे. उजेड येतो पण बाहेरचं काही दिसत नाही. मुख्य बाई म्हणतात, बाहेर लक्ष गेलं की भाषा गेली. फोनही पहिल्याच दिवशी गोळा केले. "एका तोंडात दोन भाषा मावत नाहीत," म्हणाल्या. पासपोर्ट त्यांच्या कपाटात, व्हिसासाठी. पत्र मात्र आठवड्याला एक लिहायला देतात. पाकीट उघडंच द्यायचं, तिकीट त्या लावतात आणि चिकटवतातही त्याच. किती सोय बघ.

माझ्या शेजारच्या खाटेवर एक मुलगी आहे. माझ्या कानापर्यंत येते एवढीच, पण दात घासतानासुद्धा गुणगुणते. मी तिचं नाव गुणगुणी ठेवलंय. तीही माझ्यासारखीच परदेशात जाऊन म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणार.

शिवणाच्या खोलीत सहा मशीन आहेत, पायाच्या. जाताना घालायचे निळे कोट आम्हीच शिवायचे. कोट तयार झाल्याशिवाय कुणी निघत नाही. दोन नंबरची मशीन फार खडखड करत होती. मी दातांमधला चिंध्यांचा मळ काढला, गप्प झाली. मुख्य बाईंनी विचारलं, कुठे शिकलीस? म्हटलं, मामाच्या दुकानात, सहा वर्षांची असल्यापासून.

आज पहिला धडा झाला. बोंझूर. पहिला आवाज नाकातून काढायचा, सर्दी झाल्यासारखा. तूही शिकणार म्हणाला होतास. बघू कोण पुढे जातं ते.

तुझी
बॉबिन

११ जून

चि. बॉबिन,

बोंझूर! दुकानात मोठ्याने म्हणून बघितलं. एक गिऱ्हाईक म्हणालं, वाफ घ्या.

मी मागे राहणाऱ्यांतला नाही. रद्दीवाल्याकडून एक पुस्तक आणलं, प्रवाशांना तीस दिवसांत फ्रेंच शिकवणारं. पहिले पाच धडे वाळवीने खाल्लेत. त्यामुळे लोकांची भाषा नमस्कारापासून सुरू होते, माझी एकदम हरवलेल्या पेटीपासून. "माझी पेटी हरवली आहे. ती एवढी मोठी आहे. ती शेवटची इथे दिसली. मला कळलं नाही, कृपया पुन्हा सांगा. मी इथेच वाट बघतो." धड्याच्या शेवटी एक तक्रारअर्ज छापलाय, खाली सहीसाठी रेघ आणि तिच्याखाली "पेटीचा मालक". म्हणजे मी आता त्या देशात उतरलो तर मला कुणाला नमस्कार करता येणार नाही, पण पेटी हरवली तर सोडणार नाही कुणाला.

मास्तरही मिळाला. आपले बिनतारी काका आठवतात? जहाजावर बिनतारी यंत्र चालवायचे ते. बंदराबंदरांवर ही भाषा बोलून आलेत. रोज दुपारी येतात आणि मी त्यांच्या बायकोची मशीन मुद्दाम सावकाश दुरुस्त करतो. त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, मला एक वाक्य आधी द्या: "आमची मुलगी जेवली का?" उद्या तिकडून तुझ्या घरमालकिणीचा फोन आला तर मी काय पेटीबद्दल विचारू?

दुरुस्तीच्या मशीनवर लावायच्या चिठ्ठ्या लिहायला तुझ्या जागी आता कुणी नाही. नवा कारागीर चांगला आहे, पण चिठ्ठीच्या दोन्ही बाजूंना एकच लिहितो. त्याला सांगून दमलो की बाबा, वरच्या बाजूला गिऱ्हाईक काय म्हणतं ते, मागच्या बाजूला मशीन काय म्हणते ते. आणि लाल दोरा बांधलेली मशीन चालवायची नाही, गिऱ्हाईक कितीही गोड बोलो. तू आठव्या वर्षी शिकलीस ते त्याला तिशीत कळेना.

तुम्हाला काय शिकवतात ते ऐकू येईल तसं लिहून पाठव. तुझा कान माझ्यावर गेलाय. बिनतारींना वाचून दाखवतो, म्हणजे माझी पुढची पानं फुकटात होतील.

मामा

१९ जून

प्रिय मामा,

तू हरलास! मला आता चाळीस वाक्यं येतात, सलग, न अडखळता. शब्द सुटे शिकवतच नाहीत. बाई म्हणतात, सुटे शब्द लहान मुलांना. पूर्ण वाक्य तोंडात बसवायचं, शंभर वेळा. अर्थ चौथ्या आठवड्यात. आधी अर्थ कळला तर माणूस विचार करतो आणि विचार केला की अडखळतो. मशीन चालवताना आपण टाके मोजत नाही, तसंच की.

मी विचारलं होतं, कसली वाक्यं आहेत ही? बाई म्हणाल्या, शिष्टाचाराची. कचेरीत किंवा डॉक्टरकडे कुणी काही विचारलं तर हीच म्हणायची, याच क्रमाने. घे, तुझ्या काकांसाठी:

ज स्वी वन्यू द मों प्लें ग्रे.
ज न माँक द रियें.
ज ने रियें व्यू.
ज स्वी तोंबे दाँ लेस्कालिए. से मा फोत.
ज न व पा राँत्रे शे म्वा.

शेवटचं मला फार आवडतं, पाण्यात खडे टाकल्यासारखं आहे. गुणगुणी तर चालीवर म्हणते. परवा तिने ती चाल वर्गात लावली तर बाईंनी तिला दुपारभर जिन्यात उभं केलं. चाल लावली की पाठ केल्यासारखं वाटतं म्हणे. पाठच तर केलंय!

गुणगुणीला आपल्या चिठ्ठ्यांची आणि लाल दोऱ्याची गोष्ट सांगितली. हसून हसून लोळली. आता जेवणात काही बेचव आलं की ती मला खुणेने बोटाला दोरा गुंडाळून दाखवते.

तुझ्या पेटीचं काय झालं? सापडली का?

बॉबिन

२५ जून

ताई,

हे पत्र बसून वाच. शेजारी कुणी असेल तर आधी त्यांना जाऊ दे.

बॉबिनचं पत्र आलं तेव्हा बिनतारी समोर स्टुलावर होते, हातात चहा. तिने लिहिलेली फ्रेंच वाक्यं मी वाचत गेलो. पोरीने आवाज इतके नेमके उतरवलेत की मी अडाण्याने वाचूनही त्यांना कळले. पहिल्या वाक्याला त्यांनी कप खाली ठेवला. तिसऱ्याला म्हणाले, थांब. मग पाचही वाक्यं पुन्हा वाचायला लावली आणि अर्थ सांगितला. तुला तसाच लिहितो.

मी माझ्या मर्जीने आले. मला काही कमी नाही. मी काही पाहिलेलं नाही. मी जिन्यावरून पडले, चूक माझीच. मला घरी परत जायचं नाही.

ताई, माझ्या पुस्तकात पाणी मागायला शिकवतात, रस्ता विचारायला शिकवतात. वीस वर्षं लोकांच्या मशीन ऐकल्या, पण पडायच्या आधी पडल्याचं कारण पाठ करून घेणारी शाळा मी ऐकली नव्हती.

बिनतारी म्हणाले, मी हे एकदा ऐकलंय. एका बंदरात पोलिसांनी त्यांना बोलावलं होतं, एक बाई आपल्या भाषेतली आहे, दुभाषा हवा म्हणून. बाईचा गाल कानापर्यंत निळा. पण दुभाष्याचं कामच पडलं नाही. तिने ही वाक्यं म्हटली, याच क्रमाने, मधे श्वास न घेता. साहेबाने लिहून घेतलं आणि तिला त्याच घरी परत पाठवलं. बिनतारी जहाजावर निघून आले. इतकी वर्षं हे कुणाला बोलले नव्हते.

मी त्याच दिवशी पोलीस चौकीवर गेलो. तिथला साहेब म्हणाला, मुलगी सज्ञान आहे, स्वतः सही करून गेली आहे, भाषा शिकवणं गुन्हा आहे का? तिथून थेट त्या इमारतीच्या फाटकावर गेलो. चौकीदार म्हणाला, भेटीगाठींनी भाषा बिघडते. मी नातं सांगितलं नाही, पत्ता चुकलो म्हणून निघालो. ते बरं केलं.

जा म्हणणारा मीच होतो. जाहिरातीचा कागद मीच तुझ्या हातात ठेवला. ते नंतर बोलू, मला काय बोलायचं ते बोल. आत्ता एवढंच कर: तिला पत्रात यातलं अक्षर लिहू नकोस. पाकिटं तिथून बंद व्हायच्या आधी वाचली जातात, आत जाणारीही वाचत असतीलच. तिला कळलेलं त्यांना कळलं तर तिला आधी पाठवतील.

तुझा भाऊ

२५ जून

चि. बॉबिन,

शाब्बास! बिनतारी म्हणाले, उच्चार अस्सल आहेत. मी अजून पेटीपाशीच आहे. सापडलेली नाही, पण आशा सोडलेली नाही.

दुकानात एक हातमशीन आली आहे, तुझं मत हवं. मालकीण म्हणते, उत्तम चालते, टाका सुरेख, तक्रार काही नाही, फक्त पुसून द्या. पण मी कान लावला तर आत कुठेतरी काहीतरी सुटलेलं वाजतंय. लाल दोरा बांधावा असं मनात आहे. तू असतीस तर मागच्या बाजूला काय लिहिलं असतंस?

निघायची तारीख ठरली का? तुझ्या आईला आवाज ऐकायचाय. मुख्य बाईंना माझा नमस्कार सांग आणि विचार, पाच मिनिटं फोन करू देतील का. आपल्या भाषेत नको असेल तर फ्रेंचमध्ये बोलू. मी पेटीबद्दल बोलेन.

मामा

३ जुलै

प्रिय मामा,

मशीन पुसून देऊन टाक. तू ना, चांगल्या मशीनमध्येही बिघाड ऐकतोस. थोडं तेल घाल, वाजायचं थांबेल. मालकीण खूश असेल तर आपण कशाला लाल दोरा बांधायचा?

फोन करायला बाईंनी परवानगी दिली आहे, पाच तारखेला. त्यांच्या खोलीतून.

गुणगुणी गेली. सांगितलंच नाही कुणी. सकाळी उठले तर खाट रिकामी, गादीची गुंडाळी. तिचा कोट पुरा झाला नव्हता, एक बाही मीच शिवणार होते. बाई म्हणाल्या, एका घरी तातडीने गरज होती. माझ्या घरचा पत्ता तिने आधीच मागून घेतला होता, तो नेला असेल तर लिहील.

सोमवारी एक साहेब परीक्षेला आले होते. त्यांनी काहीच विचारलं नाही. जिच्याकडे पेन रोखायचे, ती उठून वाक्यं म्हणायची. मी सगळ्यांत वेगात म्हटलं. त्यांनी माझ्या नावापुढे खूण केली. त्यामुळे माझी तारीख अलीकडे आली: १६ जुलै!

चौथा आठवडा होऊन गेला, पण अर्थ काही सांगितला नाही. मी आठवण केली तर बाई हसल्या. म्हणाल्या, अर्थ तिकडे पोचल्यावर आपोआप कळतो.

बॉबिन

५ जुलै

ताई,

दुकानातल्या फोनवर तू रडलीस ते ठीक झालं, कुणीही आई रडते. तुला लगेच गाडी धरायची होती म्हणून तेव्हा बोललो नाही. तुला तिचा आवाज ऐकू आला. मला बाकीचं ऐकू आलं ते लिहितो.

ती बोलत असताना शेजारी दुसरं कुणीतरी श्वास घेत होतं, रिसीव्हरच्या इतकं जवळ की प्रत्येक उत्तराआधी तो श्वास थांबायचा. मी विचारलं, बाळ, जेवण बरं असतं ना? तर ती "हो" म्हणायच्या आधी कागद हलला. आणि तिने "ठेवते" म्हटलं तेव्हा दार उघडलं आणि पुन्हा लागलं. ताई, कडी आतून लावली तर आवाज खोलीत राहतो. ही कडी बाहेरून लागली.

तिला माझं पहिलं पत्र कळलं नाही. आता जरा उघड लिहावं लागेल, पण फार उघड नाही. तुझ्या हातचा एक तपशील घालतो आहे, रागावू नकोस.

तुझा भाऊ

७ जुलै

चि. बॉबिन,

आवाज ऐकून बरं वाटलं. तुझी आई अजून त्या पाच मिनिटांवरच जगते आहे.

हातमशीनचं काय झालं विचारशील. तू तेल घाल म्हणालीस. तेलाने होण्यातलं नाही ते. ही मशीन कुठली म्हणशील तर आपल्या ताईच्या घरातलीच, एकवीस वर्षांपूर्वीची. डाव्या बाजूला इस्त्रीने भाजल्याचा डाग आहे, कोपरापाशी, तुला माहीत आहे. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर चालली, मला वाटायचं हिला काय होणार. आता नवी मालकीण म्हणते, सोळा तारखेच्या आत परत हवी, लांब न्यायची आहे.

मी चिठ्ठी लिहिली. वरच्या बाजूला लिहिलं: सगळं छान चाललंय, काही कमी नाही. मागच्या बाजूचं तुला सांगायला नको. दोरा लाल बांधलाय, दुहेरी. गिऱ्हाईक कितीही गोड बोललं तरी.

तुमच्याकडच्या सहा मशीनची आठवण झाली. त्या जुन्या जातीच्या आहेत. रोज कोट शिवले की अशा मशीन एकदमच बसतात, एका दिवशी सहाच्या सहा. तसं झालं तर तू हात लावू नकोस बरं. ते मशीनवाल्याचं काम. आणि उघडलेल्या मशीनचं डोकं फार जड असतं, उचलायला माणूस कमी पडलं तर हात दे, लाजू नकोस.

मामा

११ जुलै

प्रिय मामा,

मशीनच्या बाबतीत तुझंच बरोबर होतं. मी इथे येऊन फक्त वरची बाजू वाचायला लागले होते.

आमच्या मशीन कालपासून बंद आहेत. सहाच्या सहा. आठ कोट अर्धवट. मुख्य बाई म्हणाल्या, तुला येतं ना, तू कर. मी म्हटलं, हे माझ्या हाताबाहेरचं आहे, आमच्या मामालाही असं आलं की घाम फुटतो. त्यांनी मग माझे हात मागितले, उलटेपालटे करून बघितले. मी जेवणाआधी साबणाने धुतले होते, तरी नखात तेलाची रेघ होती.

मशीनवाल्याला फोन केलाय. उद्या किंवा परवा येईल.

आज वर्गात मला एकटीलाच उभं करून वाक्यं म्हणायला लावली. तिसऱ्या वाक्यावर अडखळले. पहिल्यांदाच.

निघायच्या आधीचं हे शेवटचं पत्र. शेवटच्या पत्राखाली प्रत्येकीने स्वतःच्या अक्षरात एक वाक्य लिहायचं असतं, बाई समोर उभ्या आहेत, म्हणून लिहिते:

ज स्वी वन्यू द मों प्लें ग्रे.

बॉबिन

२० ऑगस्ट

प्रिय मामा,

आता घरूनच लिहिते आहे, पाकीट स्वतः चिकटवते आहे, तरी चिकटवायच्या आधी मागे वळून बघते.

आईला मी ती गोष्ट दहा वेळा सांगितली. तुझ्या शागिर्दाच्या मागे तू टोपी डोळ्यांवर ओढून पिशवी धरून आत आलास आणि मुख्य बाईंसमोर त्याने तुला "अरे ठोंब्या, पाना दे" म्हटलं, तिथे ती दर वेळी हसते. त्या गावात मशीनवाले दोन आणि दोघेही तुझ्या हाताखाली शिकलेले, हे मला माहीतच नव्हतं. पण मला आठवतं ते फाटक. मशीनच्या डोक्याची एक बाजू तुझ्या हातात, दुसरी माझ्या. दोघांचे हात भरलेले बघून चौकीदाराने आपणहून फाटक उघडलं. मागे वरच्या मजल्यावरून कुणीतरी माझं नाव घेतलं. मी वळले नाही. ते डोकं मी गाडीतही सोडलं नाही, तू बोटं एकेक करून सोडवलीस.

पोलीस दुसऱ्या दिवशी तिथे गेले, तेव्हा इमारत रिकामी होती. दुधी काचा, सोळा गाद्यांच्या गुंडाळ्या, पाच मशीन. सोळा जणी एका रात्रीत कुठे गेल्या, कुणाला माहीत नाही.

हे सगळं तुला माहीत आहे. आज लिहायचं कारण वेगळं. काल मला परदेशातून पत्र आलं. गुणगुणीचं. पाकिटामागे घराचा पत्ता आहे, छापील. आत एकच कागद आणि पाच वाक्यं, तीच, त्याच क्रमाने. आता मला अर्थ कळतात, मामा. चौथं वाक्य लिहिताना तिचं अक्षर खाली घसरलंय.

खाली सही आहे. आणि कागदाच्या कोपऱ्यात, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही, तिथे सुईने घातलेला एकच टाका. लाल दोऱ्याचा.

तिला मीच हसवलं होतं त्या गोष्टीने. मी काय करू?

बॉबिन

२६ ऑगस्ट

चि. बॉबिन,

तुझं पत्र घेऊन मी चौकीवर गेलो. साहेब आता माझ्याशी नीट बोलतात, पण म्हणाले, दुसऱ्या देशातलं घर, वरून कागद जायला महिने लागतील. तुम्ही तिथल्या पोलिसांना थेट का लिहीत नाही? बाहेर आलो तेव्हा लक्षात आलं, लिहायला भाषा लागते. मग मी आणि बिनतारी दुकान बंद करून बसलो.

ते म्हणाले, मी लिहून देतो, सफाईदार. मी म्हटलं, नको. सफाईदार फ्रेंच त्यांनी खूप ऐकलंय. मला येतं त्यातच लिहितो.

त्याआधी एक काम केलं. पाकिटामागचा पत्ता फोनवर टाकला. हल्ली जगातल्या कुठल्याही रस्त्याचं चित्र दिसतं. कुंपण, हिरवं दार, त्यापुढे फुलांच्या कुंड्या. कागद हातात धरून मी ते घर पुढून बघितलं, बाजूच्या गल्लीतून बघितलं, बिनतारींनाही दाखवलं. दोघांना तेच दिसलं.

मग पुस्तक उघडलं, वाळवीने जिथून सोडलंय तिथून. मूळ फ्रेंच सोबत जोडलंय. तुझं फ्रेंच माझ्यापेक्षा चांगलं, चुका सुधार आणि उद्याच्या टपालाने जाऊ दे. तुझ्या आईला कळावं म्हणून आपल्या भाषेत खाली उतरवतो.

साहेब,
आमची मुलगी हरवली आहे.
ती एवढी उंच आहे: माझ्या भाचीच्या कानापर्यंत.
ती गुणगुणते.
ती शेवटची या पत्त्यावर आहे. पत्ता सोबत दिला आहे.
तुम्ही विचारलंत तर ती म्हणेल, मी माझ्या मर्जीने आले. आम्हाला हे वाक्य माहीत आहे. ते तिला अर्थ न सांगता शिकवलं आहे. कृपया पुन्हा विचारा.
ती जेवली का?
ती म्हणते, मी जिन्यावरून पडले.
साहेब, त्या घराला जिना नाही.
तुम्ही काही सांगितलं आणि आम्हाला कळलं नाही, तर कृपया पुन्हा सांगा. आम्ही इथेच वाट बघतो.

अर्जाच्या खाली सहीच्या रेघेशी "पेटीचा मालक" असं छापलेलं होतं. उतरवताना मी तेही उतरवलं, मग खोडलं. बिनतारींना विचारलं, इथे काय लिहितात? ते म्हणाले, नातं असेल तर नातं. तिला मी कधी बघितलेलं नाही, बॉबिन.

मी मामा लिहिलं.